‘ही’, ‘शी’ आणि आत्याबाई

मंगळवार, ८ फेब्रुवारी १९४४. सकाळी थंडी. दूध नासले. दुपारी ज्वारी निवडली, केशरबाई मदतीला होत्या. मामंजी दुकानातून लवकर घरी. उलथने आत्याबाईंनी काढून घेतले आहे. आत्याबाई माझ्याशी बोलत नाहीत. कारण इंग्रजी.

गंगाखेडच्या उमादेवीने त्या दिवशी रोजनिशीत एवढेच लिहिले. रोजनिशीची सवय तिला सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात सिस्टरांनी लावली होती. घडले ते लिहावे, रडगाणे लिहू नये, असे सिस्टरांचे म्हणणे. त्यामुळे त्या दुपारी स्वयंपाकघरात जे महाभारत झाले ते रोजनिशीत आले नाही. ते इथे सांगायला हवे.

उमादेवीचे वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. लिंगायताची पोर कॉन्व्हेंटात घातली म्हणून जातीतल्या लोकांनी नावे ठेवली. पुढे तीच पोर गंगाखेडच्या बसवंतरावांच्या घरी, त्यांच्या शिवरुद्राला दिली, तेव्हा त्याच लोकांनी ‘शिकलेली सून’ म्हणून पेढे खाल्ले. सासूबाई चन्नबसम्मा, म्हणजे रोजनिशीतल्या आत्याबाई, यांनी मात्र कॉन्व्हेंट हा शब्द पहिल्याच दिवशी आपल्या पद्धतीने बसवून घेतला. त्या म्हणायच्या, “कानबंद शाळेत शिकली ना ती. म्हनून तर चार हाका मारल्याबिगर तिला ऐकू येत न्हाई.”

सासरी इंग्रजी बोलायला माणूस नव्हते. नवरा शिवरुद्र कापड मोजायचा आणि उरलेल्या वेळात गप्प बसायचा. शेवटी उमादेवी गोठ्यात जाऊन म्हशीशी बोलू लागली. ‘मूव्ह’ म्हटले की म्हैस बाजूला सरायची. गंगाखेडात तेव्हा उमादेवीखेरीज इंग्रजी कळणारी ती म्हैसच एकटी. पण तिला उत्तर देता येत नव्हते.

अशात गावच्या मुलींच्या शाळेत पुढच्या सालापासून इंग्रजी सुरू करायचे ठरले. राज्य निजामाचे, सरकारी भाषा उर्दू, घरची मराठी. इंग्रजी ही कुणाचीच नसलेली तिसरी. ती शिकवायला हैदराबादेहून कुणी बाई गंगाखेडला यायला तयार होईना. तेव्हा शाळेच्या मंडळींनी बसवंतरावांना विचारले, तुमच्या सूनबाई येतील काय? अट एकच. परभणीला शिक्षिकांसाठी इंग्रजी शिकवण्याचा वर्ग निघाला होता, दर शनिवारी. तो पुरा करायचा आणि शेवटी एक परीक्षेचा पाठ देऊन दाखला मिळवायचा. वर्ग पुन्हा कधी निघेल, निघेल की नाही, याचा भरवसा नव्हता. दाखला हुकला तर उमादेवीला आयुष्यभर म्हशीशीच बोलावे लागणार होते.

बसवंतराव ‘बघू’ म्हणाले. शिवरुद्र कापड मोजत राहिला. होकार दिला तो चन्नबसम्मांनी, आणि तो काही स्त्रीशिक्षणाच्या कळवळ्याने नव्हे. सुनेला एकटीला परभणीला पाठवायचे नाही, म्हणजे सोबत हवी. सोबतीला सासू. म्हणजे दर शनिवारी आगगाडी, परभणीचा बाजार आणि भाव करायला नवी माणसे. गंगाखेडचे दुकानदार चन्नबसम्मांना येताना बघून आधीच भाव उतरवून ठेवायचे. त्यात त्यांना मजा येत नव्हती.

वर्ग चालवायला हैदराबादेहून नफीसा बेगम आल्या होत्या. उंच, चष्मा लावणाऱ्या, आवाज करडा पण मन हसरे. विलायतेची नवी पद्धत त्यांनी पहिल्याच दिवशी एका वाक्यात सांगून टाकली.

“सबक में उर्दू बंद, मराठी बंद. सिर्फ अंग्रेजी और उंगली.”

म्हणजे मराठीत अर्थ सांगायचा नाही. वस्तूकडे बोट करायचे आणि इंग्रजी शब्द म्हणायचा. खिडकीकडे बोट, ‘विंडो’. दाराकडे बोट, ‘डोअर’. पोरींना आपोआप कळते. परीक्षेच्या पाठात तोंडातून मराठीचा एक शब्द निघाला की दाखला गेला.

खिडकी-दारापर्यंत ठीक होते. पुढे माणसे आली तेव्हा अडचण झाली. कोहळ्याला बोट दाखवले तर कोहळा सडतो, हे या भागात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. मग सासऱ्याकडे बोट दाखवले तर काय होईल? उमादेवी घरी सराव करायची ती बोटाने नव्हे, हातात जे असेल त्याने. कधी पळी, कधी लाटणे, कधी उलथने.

परीक्षेसाठी बेगमसाहेबांनी प्रत्येकीला एकेक धडा नेमून दिला. उमादेवीच्या वाट्याला ‘ही’ आणि ‘शी’ आले. तिला वाटले, सोपे निघाले.

आता तो मंगळवार. उमादेवी चुलीपुढे बसून भाकरी करत होती. चन्नबसम्मा आणि शेजारच्या केशरबाई ज्वारी निवडत होत्या. बसवंतराव ओसरीवर आडवे झाले होते. त्यांच्या मिशा श्वासाबरोबर वरखाली होत होत्या. उमादेवीने उलथने त्यांच्या दिशेने केले आणि हळूच म्हणाली, “ही इज अ मर्चंट.”

चन्नबसम्मांनी मान वर केली. “ही? कोन ही? कोन बाई आली?”

“बाई नाही, आत्याबाई. मामंजी. इंग्रजीत पुरुषाला ‘ही’ म्हणतात.”

केशरबाईंच्या हातातले सूप थांबले. “अगं बाई! एवढ्या मिशा असून ही?”

“जितके पुरुष आहेत तितके सगळे ही.”

चन्नबसम्मा मनापासून हसल्या. “अवो, ऐकलं का? तुमाला बाई केलं हिनं!” ओसरीवरून हुंकार आला. चन्नबसम्मांना आता इंग्रजीत गोडी वाटू लागली. त्या पुढे सरकल्या. “मग बाईला काय म्हनत्यात? हा?”

उमादेवीच्या हातातली भाकरी तव्यावर पडली ती तशीच राहिली. तिने कॉन्व्हेंटात आठ वर्षे हा शब्द वापरला होता. सिस्टरांना वापरला, मदर सुपीरियरला वापरला, मेरीमातेलासुद्धा वापरला. पण तिथे मराठी बोलली तर छडी होती. दोन भाषा दोन वेगळ्या खोल्यांत राहायच्या, मधले दार बंद. ते दार आज पहिल्यांदा उघडले.

“तसं काही विशेष नाही, आत्याबाई,” ती म्हणाली. “भाकरी करपतेय.”

“करपू दे. सांग की.”

“नंतर सांगते.”

“आता सांग. मी कोन?”

“शी,” उमादेवी म्हणाली. आणि सरावाची सवय वाईट. तोंडातून शब्द निघाला तसे हातातले उलथने आपोआप सासूकडे वळले.

चन्नबसम्मांनी हातातली ज्वारी खाली टाकली.

“काय म्हनलीस?”

“शी, आत्याबाई. बाईला इंग्रजीत…”

“शी?” चन्नबसम्मा उभ्या राहिल्या. “पोरगं हगलं तर म्हनत्यात ती शी? ज्या हातानं तुला खाऊ घातलं, त्या हाताच्या मानसाला शी? उलथनं दाखवून?”

“सगळ्याच बायकांना म्हणतात. मलाही. केशरबाईंनाही.”

“मला कामून मधी घेतीस?” केशरबाई सूप घेऊन उठल्या. त्यांना घरी जायची घाई झाली होती. अशी बातमी ताजी असतानाच पोचवावी लागते.

बसवंतराव आत आले. सगळे ऐकून त्यांनी मिशीवरून हात फिरवला. “म्हंजे मला बाई केली अन् तुला शी केली. इंग्रज बेकार बनिया हाय. पण त्यात सुनेची काय चूक? तिनं केला का शब्द?”

“ज्या राज्यात बाईला शी म्हनत्यात,” चन्नबसम्मा म्हणाल्या, “त्या राज्यावरचा सूर्य मावळत न्हाई म्हनं. मावळल. बगा तुमी.” मग त्यांनी सुनेच्या हातातले उलथने काढून घेतले, पदरात गुंडाळले आणि निघून गेल्या.

इंग्रजांच्या राज्याबद्दल त्या फार चुकल्या नाहीत, पण ते पुढचे.

त्या दिवसापासून उमादेवीने भाकऱ्या हाताने उलटल्या. बोटे भाजली. केशरबाईंनी बातमी इतकी चोख पोचवली की संध्याकाळपर्यंत ‘सूनबाईने सासूला शी केली’ असे झाले आणि दुसऱ्या दिवशी दुकानात एक शेतकरी बसवंतरावांना म्हणाला, “राम राम, ही शेठ!” शिवरुद्राला मध्यस्थी कर म्हटले तर तो म्हणाला, “मला कापडातलं कळतं.” आणि मोजपट्टी घेऊन दुकानात गेला.

उमादेवीने खूप डोके चालवले. ‘शी’ऐवजी ‘लेडी’ म्हणता येईल काय? पण धडा बेगमसाहेबांनी नेमून दिलेला. ‘शी’ लांब ओढून म्हटले तर? ते आणखी वाईट ऐकू आले. त्यातून पाठ शनिवारी, आणि सोबत येणारी सासू बोलेनाशी झालेली. सासू नाही तर गाडी नाही. गाडी नाही तर दाखला नाही. ती रात्री जेवताना हळूच म्हणाली, “शनिवारी माझी परीक्षा आहे.” चन्नबसम्मांनी ताकाचा भुरका मारला. तेच उत्तर.

शुक्रवारी, निजामी राज्यातल्या सुट्टीच्या दिवशी, चन्नबसम्मांनी सकाळी लिंगपूजा आटोपली, कपाळाला विभूती लावली आणि भिंतीकडे बघून बोलल्या.

“मी उद्या परभनीला जायलेय.”

उमादेवीचा जीव भांड्यात पडला. लगेच पुढचे वाक्य आले.

“त्या बेगमसाहेबाला इचारायला. कोन्या मेल्यानं हा शब्द केला, अन् पोरींना शिकवायला लाजा कशा वाटंनात.”

उमादेवीचा जीव भांड्यातून पुन्हा बाहेर आला. आता सासू न येण्यापेक्षा येणे वाईट होते.

शनिवारी गाडीच्या जनानी डब्यात चन्नबसम्मा सुनेशी बोलल्या नाहीत, पण इतर सगळ्यांशी बोलल्या. दैवशाला नावाची एक शेतकरीण मांडीवर तान्हे घेऊन बसली होती. तिने सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे विचारले, “मग ह्या लेकराला शी झाली तर इंग्रज काय म्हनत्यात? बाई झाली?” सगळा डबा हसला. चन्नबसम्मा हसल्या नाहीत. उमादेवी खिडकीबाहेर बघत राहिली. तिच्या ओठांवर ‘ही, शी, ही, शी’ असा जप चालला होता आणि समोरची म्हातारी समजली की बाई मोठी शिवभक्त आहे.

पाठासाठी वर्गात परभणीच्या शाळेच्या तीसेक पोरी बसवल्या होत्या, दोन वेण्या आणि तेल लावलेली डोकी. मागे खुर्चीवर नफीसा बेगम, हातात लेखणी. त्यांच्या शेजारी दुसरी खुर्ची चन्नबसम्मांनी कुणी न सांगता घेतली. त्या बेगमसाहेबांशी बोलायला तोंड उघडणार तोच बेगमसाहेबांनी ओठांवर बोट ठेवले. सबक सुरू.

उमादेवीने पदर सावरला. दारात भुजंग नावाचा चपराशी उभा होता, मिशा बसवंतरावांच्या वरताण. तिने त्याच्याकडे बोट केले.

“ही इज भुजंग.”

पोरी एकमेकींकडे बघू लागल्या. मागच्या बाकावरून कुणीतरी कुजबुजले, “भुजंगबाई!” एक खसखस पिकली. भुजंग ताठ उभा राहिला, पण त्याचा हात मिशीकडे गेला.

“ही इज भुजंग,” उमादेवी पुन्हा म्हणाली, नेटाने. मग श्वास घेतला. पहिल्या बाकावर एक गोल चेहऱ्याची मुलगी बसली होती, पारू नावाची. उमादेवीने तिच्याकडे बोट केले. “शी इज पारू.”

क्षणात पारूच्या शेजारणी बाकाच्या दोन्ही टोकांना सरकल्या. चार-पाच हात नाकांवर गेले. पारू उभी राहिली, लाल झाली, आणि रडवेल्या आवाजात ओरडली, “बाई, मी न्हाई केली!”

वर्ग फुटला. पोरी हसून बाकांवर पडल्या, पारू रडू लागली, दारात भुजंगही आता मोकळेपणाने हसू लागला; त्याची पाळी संपली होती. उमादेवीपाशी फक्त इंग्रजी आणि बोट होते. एक मराठी वाक्य बोलले असते तर सगळे निवले असते. पण मागे बेगमसाहेबांची लेखणी कागदावर टेकून वाट पाहत होती. “नो, नो,” ती म्हणाली, “शी… शी…” आणि जितक्या वेळा म्हणाली तितकी नाके वाढली.

तिला आणखी एक बाई हवी होती. जिला बघून पोरी गप्प बसतील अशी. तिचे बोट वर्गभर फिरले, आणि कुणाच्या मनात नसताना शेवटच्या खुर्चीवर जाऊन थांबले.

“शी,” उमादेवी म्हणाली, “शी इज माय मदर.”

पोरींनी माना वळवल्या. विभूती लावलेली, नाकात नथ, मांडीवर पिशवी घेतलेली म्हातारी. एका आगाऊ पोरीने तिच्याकडे बघून नाक धरले. मग सगळ्यांनी धरले.

चन्नबसम्मा उठल्या.

“ए! नाकाचे हात काढा!”

हात निघाले. गंगाखेडचा बाजार ज्या आवाजाने भाव उतरवत होता तो आवाज होता.

“हसायलाव काय? माझ्या सुनंला हसायलाव? ती तिकडं उभी राहून घसा फोडायली, अन् तुमी दात काढायलाव? इंग्रजीत बाईला शी म्हनत्यात. काय म्हनत्यात?”

“शी,” दोन-तीन पोरी पुटपुटल्या.

“मोठ्यानं! मी कोन?”

“शी!”

“ही रडकी कोन?”

“शी!”

“अन् ह्या बेगमसाहेबा? लय शिकलेल्या हायेत. त्या कोन?”

पोरी घाबरल्या. मग हळूच, “शी.”

“राजाची राणी असली तरी शीच. अन् तो दारातला मिशाळ्या?”

“ही!” तीस पोरी एकदम.

“त्याला बगा, बाई केलं तरी गप उभा हाय. अन् तुमाला नाकं धरायला झालं?” चन्नबसम्मांनी पिशवी खुर्चीवर आपटली. “हिला शी म्हनायचं तर घरात आमी म्हनू. आमचा हक हाय. तुमी कोन? चल गं उमा, पुढं शिकव.”

चार दिवसांनी त्यांनी सुनेला हाक मारली होती. उमादेवीला ती पहिल्याच खेपेला ऐकू आली.

पुढचा पाठ असा झाला की पोरी बोट दाखवायच्या आत उत्तर द्यायच्या. पारूने भुजंगला ‘ही’ म्हटले, भुजंगाने मान तुकवली. एकीने भिंतीवरच्या चित्रातल्या गायीलाही शी म्हटले. ते नियमात बसत नव्हते, पण भावना बरोबर होती.

पाठ संपल्यावर बेगमसाहेबांनी पोरींना बाहेर पाठवले. चष्मा काढून पुसला. लेखणी कागदावर होती, पण चालत नव्हती.

“उसूल तो उसूल है,” त्या म्हणाल्या. “सबक में मराठी हुई. बहोत हुई.”

उमादेवीने मान खाली घातली. चन्नबसम्मा बेगमसाहेबांकडे बघत होत्या. ज्या भांडणासाठी त्या आल्या होत्या ते त्यांना आता आठवले.

“बेगमसाब, एक इचारू का? हा शब्द कोन्या मेल्यानं केला?”

“अम्मा, हमकू भी नईं मालूम,” बेगमसाहेब म्हणाल्या. “हमारे में तो झगडाच नईं. मर्द भी वो, औरत भी वो.”

चन्नबसम्मांनी विचार केला. “हे बरं हाय. इंग्रजांनी तुमालाच इचारायला पायजे होतं.”

तेव्हा नफीसा बेगम हसल्या. हसता हसता त्यांनी उमादेवीच्या पाठाचा कागद पुढे ओढला. त्यात पाठाला काय काय वापरणार ते आधीच लिहून द्यावे लागे. उमादेवीने खडू, डस्टर, बाहुली आणि गायीचे चित्र लिहिले होते. बेगमसाहेबांनी लेखणी तिच्या हातात दिली.

“तुमने तो एक लफ्ज मराठी का नईं बोला. मैं सुनी. जो बोला वो सामान बोला. लिखो उसके नीचे: सास, एक अदद.”

उमादेवीने गायीच्या चित्राखाली ‘सासू, एक नग’ असे लिहिले. बेगमसाहेबांनी दाखल्यावर सही केली.

“काय लिवलीस?” चन्नबसम्मांनी विचारले.

“तुमचं नाव, आत्याबाई.”

“बरं केलंस,” त्या म्हणाल्या. गाय त्यांना दिसली नाही.

पुढे गंगाखेडच्या शाळेत उमादेवी इंग्रजीच्या बाई झाल्या. दर साली ‘ही-शी’चा धडा आला की चन्नबसम्मा नवे लुगडे नेसून शाळेत यायच्या, मागे खुर्चीवर बसायच्या आणि वेळ झाली की उठायच्या. त्यांना गावात पोरी ‘शीआजी’ म्हणत. त्या रागावल्या नाहीत. फक्त मोठ्या माणसांनी म्हटले तर रागवायच्या. निजामाचे राज्य गेले, त्याच्या आधी इंग्रजांचेही गेले. सूर्य मावळला. चन्नबसम्मा म्हणायच्या, मी म्हनलं नव्हतं का?

पण त्या शनिवारी हे काही ठाऊक नव्हते. त्या दिवशी दोघी बाजारात गेल्या, चन्नबसम्मांनी मिठाच्या भावावरून एका दुकानदाराला घाम फोडला, आणि परतीच्या गाडीत त्या सुनेच्या खांद्यावर डोके टेकून घोरल्या. घरी ओसरीवर बसवंतराव वाट बघत होते.

“काय झालं?” त्यांनी विचारले.

“पास झालो,” चन्नबसम्मा म्हणाल्या.

त्या संध्याकाळी उमादेवीने रोजनिशीत लिहिले:

शनिवार, १२ फेब्रुवारी १९४४. परभणीला जाऊन आलो. पाठ झाला, दाखला मिळाला. मीठ आणले, ओलसर निघाले, परातीत पसरले. उलथने चुलीमागच्या खुंटीला आहे.